गोत विचारलं, गाव नाही

दिवाळी झाली की याडी आणि बापू, म्हणजे माझे आईवडील, ऊसतोडीला जायचे. महागावकडच्या आमच्या तांड्यात मग म्हातारे आणि लेकरंच उरायची. मोठी बहीण सातवीतून शाळा सोडून घर धरून बसली, म्हणून मी शाळेत जाऊ शकले. मी शिकले ती तिच्या जिवावर.

एका वर्षी याडीची कंबर गेली. मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते, एकटा माणूस तो घेत नाही. त्या हिवाळ्यात घरात भाकर आणि मिरची, एवढंच होतं.

तेव्हाच ती बाई आली. बोलायची अस्सल आमची बंजाऱ्यांची गोरबोली. बहिणीसाठी गुजरातकडचं स्थळ होतं; हुंडा नको, लग्नही तेच लावणार. रीतीप्रमाणे तांड्याच्या नायकाने गोत विचारलं. तिने मुलाचं सांगितलं, त्याच्या मामाचंही सांगितलं, कुठे अडखळली नाही.

"घरचीच हाय," नायक म्हणाला. गूळ वाटला. गूळ खाल्ला की शब्द फिरत नाही.

गाव कोणतं, हे कोणीच विचारलं नाही. खालच्या गावात कापूसवाल्यांच्या मुलीचं ठरलं की दोन जीपा भरून माणसं घर पाहायला जातात. विहिरीत वाकून पाणीसुद्धा बघतात. आम्हाला वाटायचं, विचारणं हे शेतवाल्यांचं काम. आपण जास्त विचारलं तर पोरगी घरीच राहायची.

ती बाई बहिणीला घेऊन गेली. बहिणीचे दोन फोन आले. तिसरा आलाच नाही. बापू ठाण्यात गेले, मीही सोबत होते. हवालदाराने गाव विचारलं, तर बापू गोत सांगू लागले.

"बुवा, गोतावर समन्स जाते काय?" तो हसला. "खुशीनं देल्ली ना पोरगी? मंग!"



मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ती बाई पुन्हा आली. आता माझ्यासाठी.

"काय वं, लय शिकली म्हणते. नवरा काय परीक्षा घेऊन राह्यला?"

"मावशी, बहिणीच्याच गावात द्या मले. गाव सांगा फक्त."

"दूर हाय थे. तुले काय समजते?"

"भूगोल हाय मले. सांगा तं."

ती उठली. याडी, जिला धड वाकता येत नव्हतं, दारात आडवी बसली. म्हणाली, "माह्या अंगावरून जाय." बायका जमल्या, नायक आला, तिला ठाण्यात नेलं. या वेळी अर्ज मी लिहिला आणि पोलिसांना तो घ्यावाच लागला. तिथे तिने गाव सांगितलं; बहिणीला तिने तिथे विकलं होतं.

पोलिसांसोबत बापू आणि मी गेलो. बहीण गोठ्यात शेण भरत होती. मी नावाने हाक मारली, ती वळली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. तिथे तिचं नाव दुसरंच ठेवलं होतं. ओट्यावर सासूच्या मांडीत बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा होता. त्यांनी तो सोडला नाही.

आजही पहिल्या हाकेला ती ओ देत नाही. अंगणात कुणाचं लेकरू रडलं की हातातलं काम टाकून उभी राहते आणि मग कुठे जायचं ते तिला सुचत नाही. आम्हीही त्या वेळी तिच्याकडे पाहत नाही.

मुलासाठी कोर्टात अर्ज केला आहे. तो अजून तिकडेच आहे. बहिणीला मात्र आम्ही परत आणलं.