स्टार्टरवरचा दुपट्टा

आमच्या विहिरीवर एक रीत आहे. पाण्यात उतरणाऱ्याने आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून स्टार्टरवर टाकायचा. दुपट्टा दिसला की मोटरला कुणी हात लावत नाही, मग वाफ्यातली मेथी सुकून जाईना का. केबल जुनी, जागोजागी टेप गुंडाळलेली. मोटर चालू झाली की करंट पाण्यात उतरतो, आणि खाली माणूस असला तर तो गेलाच. हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मळा काका आणि चुलतभावाचा. मी घरी बसून एका कंपनीचे सर्वर सांभाळतो. काकाचे गुडघे गेलेले, भाऊ भाजी घेऊन कामरगावच्या बाजारात. म्हणून मोटर फोनवरून चालू व्हावी असं भावाच्या मनात आलं, आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. स्टार्टरला एक छोटी पेटी जोडली आणि भाड्याच्या सर्वरवर मेसेज ब्रोकर बसवला. फोनने ब्रोकरला सांगायचं, ब्रोकरने पेटीला.

"म्हंजे अडत्याच ना बे?" काकाने विचारलं.

"तसंच समजा."

"अडत्या तं मालामागं आपली कटती कापते. हा काय घेते?"

"माझा जीव घेते, काका."

ब्रोकर सुरू झाला आणि एका दुपारी आम्ही तिघं जेवत असताना मोटर आपोआप चालू झाली. तिघांचेही फोन बाजूला पडलेले. मी ब्रोकरला पासवर्डच लावला नव्हता, आधी चालतंय का ते तर बघू म्हणून. दुनियेतल्या कुण्या रिकामटेकड्याने येता-जाता दार ढकलून पाहिलं असणार. काकाने हातातला घास ताटात ठेवला.

"मी खाली असतो तं?"



मग लागलो कुलपं घालायला. दिवसभर कंपनीचं काम, उरलेल्या वेळात हे. डोळ्यांची नुसती आग व्हायची. प्रत्येक फोनला वेगळा पासवर्ड दिला. कोणी काय पाठवू शकतो ते ठरवून दिलं. ब्रोकरला सर्टिफिकेट लावलं, म्हणजे पेटीने आधी त्याची ओळख तपासायची आणि मगच त्याचं ऐकायचं. पण लाइन, म्हणजे वीज, गेली की पेटीचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. लाइन आली की ती बया सर्टिफिकेटची तारीख बघून म्हणणार, हे तर अजून निघालेलंच नाही, आणि ब्रोकरला दारातच उभं करणार. नेटवरून खरी वेळ मिळाली की मगच जोडली जायची, आणि आमच्याकडची रेंज म्हणजे मनात आलं तर येणार.

तेवढ्यात भावाची कटकट. "मी दाबून राह्यलो, दाबून राह्यलो, अन् काईच होत नाई! कायले केलं मंग हे?" वैतागून मी ब्रोकरला सांगून ठेवलं, पेटी जोडलेली नसली तर निरोप जपून ठेव, ती जोडली गेली की दे. कटकट मिटली. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

त्या दिवशी सकाळीच लाइन गेली. मोटरचा दोर कपारीत अडकला होता, तो सोडवायला काका गुडघे धरत-धरत विहिरीत उतरला. दुपट्टा स्टार्टरवर टाकला होता. मी बाजूच्या लिंबाखाली लॅपटॉप घेऊन बसलो होतो. लाइन आली. पेटीचा दिवा लागला, पण जोडली काही जाईना. "जुड ना माय, किती छळतं," मी तिला म्हणत होतो, खरंच म्हणत होतो.

आणि स्क्रीनवर एक ओळ आली. भावाचा फोन. पासवर्ड बरोबर, परवानगी बरोबर. निरोप: चालू. पेटी जोडलेली नाही, निरोप जपून ठेवला.

 पेटी कोणत्याही क्षणी जोडली जाणार होती. मी कसा धावलो आठवत नाही. दुपट्टा भिरकावला आणि मोटरचे तिन्ही फ्यूज उपटून काढले. तिसरा हातात आला, आणि पेटीत खट्ट वाजलं. निरोप पोचला होता. मोटर मुकीच राहिली.

मी तिथेच मातीत बसलो. खालून काकाचा आवाज आला, "निंगला रे दोर!"

तेवढ्यात भावाचा फोन. "इकडं लाइन आलेली दिसून राह्यली, मंग मोटर काहून चालू नाई झाली? पुन्हा बिघडवलं का तुनं?"

"काका विहिरीत आहे," मी म्हणालो.

  भाजी तशीच शेजाऱ्याच्या हवाली करून मिळेल त्या जीपने भाऊ आला. तोवर काका वर येऊन अंग पुसत होता. त्याने माझ्या मुठीतले फ्यूज पाहिले, मग पोराचं तोंड पाहिलं.

"कुलूप लय भारी बसवलं बाप्पा तुनं," तो मला म्हणाला. "पण माह्या पोराजोळ चाबी होतीच ना."

भाऊ हमसून रडायला लागला. काकाने त्याला जवळ घेतलं नाही, रागावलाही नाही. मलाच तिथे बसवेना.

निरोप जपून ठेवायची सोय मी त्याच दिवशी काढून टाकली. स्टार्टरवर एक हुकही बसवला. दुपट्ट्याच्या वजनाने तो खाली येतो आणि पेटी आणि स्टार्टरमधली जोडणी तुटते. चांगला चालतो. मी दहा वेळा तपासलाय.

तरी परवा काका उतरला तेव्हा भावाने हुकावर दुपट्टा टाकला, फ्यूज काढून खिशात घातले, फोन बंद करून माझ्याकडे दिला आणि विहिरीच्या काठावर पालथा पडून खाली वाकला.

"बाबा," तो म्हणाला, "बोलत राह्य."