जाऊबाईंच्या डोळ्यात उडालेला थेंब

घरामागच्या पडवीत आम्ही दोघी जावा भांडी घासायचं लिक्विड बनवायचो. पनवेलच्या नव्या सोसायट्यांत ते चांगलं खपायचं. कच्चा माल कळंबोलीहून निळ्या ड्रममधून यायचा. काकवीसारखा दाट, तपकिरी. त्याला सगळे ॲसिड स्लरी म्हणत. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ती हळूहळू मिसळली की साबण तयार. 'ॲसिड' हा शब्द रोज तोंडात असूनही मला ती साबणासारखीच गरीब वाटायची.

त्या दुपारी मी बाटल्या विसळत होते. जाऊबाई बादलीतल्या सोड्याच्या पाण्यात स्लरी ओतत होत्या. वाफेने गॉगल धुरकटला म्हणून त्यांनी तो कपाळावर सरकवला. बादली तापलीच होती. एकदम भसकन उसळली आणि त्या डोळा दाबून खाली बसल्या.

"ताई, काय उडालं? स्लरी की सोडा?"

"मला काय ठाऊक! जळतंय!"

शाळेत शिकलेलं डोक्यात गरगरू लागलं. आम्लावर आम्लारी, आम्लारीवर आम्ल. म्हणजे लिंबू आणू की खायचा सोडा? तेवढ्यात सासूबाई दुधाचं पातेलं घेऊन आल्या. "डोल्यात दूध घाल गो, थंड वाटंल." कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "आधी दवाखान्यात न्या! रिक्षा थांबवते मी." मी आत-बाहेर करत राहिले. हातात काहीच नव्हतं.

"नळ सोड!" जाऊबाई किंचाळल्या. "पाणी, नुसतं पाणी!"

मी त्यांचं डोकं नळाखाली धरलं, बोटांनी पापणी उघडी ठेवली. पण गालावर, केसांत स्लरी होती. पाणी पडेल तसा फेस वाढत गेला. धुतलं जातंय की पसरतंय, कळेना. फरशी निसरडी झाली आणि मी गुडघ्यावर आपटले. रिक्षा दारात येऊन उभी होती. थांबावं की निघावं? जाऊबाई नळ सोडायला तयार नव्हत्या. फेस पुरता संपल्यावरच आम्ही निघालो.

"डोळ्यात नक्की काय गेलं?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"साबण," मी म्हटलं. मग, "ॲसिड." मग, "सोडा."

त्यांनी आम्ल-आम्लारी ओळखायची कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवली, तिचा रंग पाहिला आणि डोळा पुन्हा धुवायला घेतला. "दूध, लिंबू काही घातलंत?"

"नाही."

"छान. बराच वेळ धुतलात, म्हणून निभावलं. काय उडालं ते शोधत बसायचं नसतं."

आठवडाभर जाऊबाईंना धूसर दिसत होतं, मग नजर साफ झाली. आता आम्ही स्लरी आणत नाही, साबणाची तयार पेस्ट पाण्यात कालवतो. परवा एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "यात केमिकल नाही ना?" मी हो म्हणाले, मग नाही म्हणाले. शेवटी जाऊबाईंनीच त्यांना आत बोलावून पाट दिला आणि साबणात काय काय असतं ते सावकाश समजावायला बसल्या. मीही शेजारी बसून ऐकलं. अर्धंच कळलं.