कंधारच्या केंद्रातले देवणीचे पेशंट

कंधारचं व्यसनमुक्ती केंद्र बंद व्हायला निघालं, ते माझ्यामुळे. लाच, वशिला, राजकारण यातलं काही नव्हतं. मी फक्त फार नीटनेटका माणूस आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या केंद्रांचा मासिक अहवाल मी लातूरच्या ऑफिसात बसून तयार करतो. गांजा, नशेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध. कुठल्या तालुक्यातले किती जण उपचार घेतात, ते वर कळवायचं. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या माहितीत सगळेच पेशंट लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यातले दिसत होते. देवणीचा माणूस लातूर सोडून कंधारला कशाला जाईल? टायपिंगची चूक, असं ठरवून मी त्या नोंदी काढून टाकल्या. लातूरच्या केंद्रात कंधारचे पेशंट दिसले, तेही काढले. अहवाल इतका स्वच्छ झाला की कंधारपुढे शून्य उरलं.

साहेब खूश. "कंधार सुधारलं की हो!" म्हणाले, आणि तिथल्या समुपदेशक बाईंना भोकरला हलवून खोलीला कुलूप लावायचा प्रस्ताव त्यांनी लगेच तयार केला.

बाईंचा फोन आला. "सर, माझ्यासमोर बाकावर बसलेली माणसं तुम्हाला दिसत नाहीत का?"

"मॅडम, माहितीत नाहीत," मी म्हणालो.

"यांचं औषध बंद झालं तर हे परत नशेलाच लागतील, सर."

मन खायला लागलं. लातूरच्या केंद्रात जाऊन तरी बघावं म्हटलं. तिथं तोंडाला दस्ती गुंडाळून एक जण बसला होता. चपला ओळखीच्या होत्या. दिवाळीला मीच घेऊन दिलेल्या. माझा कंधारचा मेहुणा!

दस्ती खाली आली. "दाजी! तुमी बी?"

"मी कामासाठी आलोय."

"मी बी पहिल्या दिशी असंच म्हणलो व्हतो." त्यानं मायेनं सरकून जागा दिली. "बसा. लाजायचं न्हाई."

"अरे, कंधारात केंद्र असताना इकडं कशाला येतोस?"

"तिथं दारासमोर मामाचं दुकान हाय. मी भाईर येईस्तोवर सासुरवाडीला खबर! कंधारचं कुणीच तिथं जात न्हाई."

"मग तिथं बसतं कोण?"

"देवणीचे. त्यांचे सगळे सोयरे लातुरात हायत ना!"

सोयऱ्यांपासून तोंड लपवायला माणसं जिल्हा बदलत होती, आणि मी त्यांना चूक समजून खोडत होतो. मी दुरुस्त अहवाल साहेबांपुढे ठेवला. त्यांनी मला जे सुनावलं ते योग्यच होतं. प्रस्ताव रद्द झाला. (हे सगळं मेहुण्याला विचारूनच लिहितोय.)

मग कंधारला गेलो. बाईंची माफी मागायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "माझी कशाला? यांची मागा."

बाकावर देवणीची मंडळी ओळीनं बसलेली. तोंडं झाकलेली, नुसते डोळे उघडे. मी घसा साफ केला. "बंधूंनो, माझ्या हातून तुमच्यावर फार मोठा अन्याय..."

"साहेब, हळू की!" एका दस्तीमागून आवाज आला. "भाईर लोकं हायत."

मी दार लोटलं, बाकाशेजारी फरशीवर बसलो आणि कुजबुजलो, "तुम्ही बरं व्हायला आलात आणि मीच तुम्हाला खोडून टाकलं. चुकलो. मला माफ करा."