बंड्यासाठी बिनमिठाची बिस्किटं

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं, बंड्यानं, आजारपणात दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आज मी नाचणीचं पीठ आणि उकडलेला भोपळा मळायला घेतला. हात सवयीनं मिठाकडे जाईल, म्हणून बरणी आधीच वरच्या फळीवर ठेवली. तव्यावर भाजलेली बिस्किटं पाहून हे हसले, "अगं, मीठ नाही, साखर नाही. कोण खाणार हे?"

"तुम्हाला नाहीतच ती."

बंड्यानं वास घेतला आणि मान फिरवली. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यानं सावकाश एक बिस्कीट उचललं, पाठोपाठ दुसरं. माझ्या स्वयंपाकाला घरात सगळेच छान म्हणतात, थोडं प्रेमानं, थोडं सवयीनं. बंड्याला कसली भीड? त्यानं रिकामी ताटली नाकानं माझ्याकडे ढकलली.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं आणि पुन्हा पीठ चाळायला घेतलं.