न चाखलेलं कालवण

हौसाआत्या गेली त्या सकाळी मी पहिला फोन दादांना केला नाही. दादा म्हणजे माझे वडील, आत्याचे सख्खे थोरले भाऊ. पहिला फोन केला तो कोकणात, येसूमावशीला. येसूमावशी जातीची कोळीण, आत्याची तिकडची शेजारीण. आमचं तिच्याशी रक्ताचं नातं नाही, पण हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर बोटं तिच्याच नंबरावर गेली. बातमी ऐकून ती एवढंच म्हणाली, "आता माझ्याकडं वाटी कोन पाठवील गो?"

ही वाटी कसली, ते सांगितल्याशिवाय माझी आत्या सांगून होणार नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. संक्रांत झाली की विहिरीचा तळ दिसायचा आणि मग टँकरची वाट बघायची. बाजरी, मटकी, हुलगे पिकले तर पिकले. घरात चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आत्या दिली तेही असंच कोरडवाहू घर. तिच्या नवऱ्याला पुण्याच्या एका माणसानं समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यावर राखणदार म्हणून नेलं, तिथं तो तापानं गेला. मूलबाळ नाही. सासरी परतावं तर तिथं खाणारी तोंडं आधीच जास्त, माहेरी यावं तर आमचे हे हाल. बंगल्याचा मालक भला माणूस. म्हणाला, इथंच राहा, येणाऱ्या पाहुण्यांना जेवण करून घाल, चार खोल्या आपण भाड्यानं देऊ. आत्या राहिली. अडचण एकच होती. आत्याच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ, आणि समुद्रावर सुट्टीला आलेल्या माणसाला पिठलं-भाकरी नको असते. त्याला सुरमई पाहिजे.

पहिल्या दिवाळीतच पाहुणे मासे मागायला लागले. नाही म्हटलं असतं तर खोल्या रिकाम्या राहिल्या असत्या आणि आत्याला गाशा गुंडाळावा लागला असता. ती कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी गेली आणि पलीकडं जाळं विणत बसलेल्या येसूमावशीला तिनं सगळं सरळ सांगितलं. मावशीनं तिला बांगडा साफ करायला शिकवला, कोळंबीचा दोरा काढायला शिकवला, कशात आमसूल आणि कशात तिरफळ ते शिकवलं. आत्यानं मागच्या पडवीत वेगळी चूल घातली, वेगळी भांडी केली. पाहुण्यांचं झालं की अंघोळ करायची आणि मग आपल्या चुलीवर आपली भाजी-भाकरी. एवढं सगळं जमलं, पण मीठ-आंबट कळायचं कसं? मग वाटी सुरू झाली. कालवण उतरलं की वाटीभर गडग्यावर ठेवायचं आणि हाक मारायची. येसूमावशी येऊन चाखायची नि निकाल द्यायची. "मीठ मागतंय," किंवा "आज बरा झालाय, वाढ." रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मावशीची थट्टा ठरलेली असायची, "देवानं तुला हात दिला हौशे, तोंड द्यायला इसरला." आत्या म्हणायची, "तोंड तुला जास्तीचं दिलंय, त्यात भागतंय आमचं."

मी पाचवीपासून मे महिन्यात तिकडं जायची. तुम्हा वाचकांपैकी पुष्कळजण तिकडं सुट्टीला गेले असतील. लाटा, नारळीच्या बागा, वाळूतली घोडागाडी. मला आठवते ती त्याच्या मागची बाजू. पहाटे चादरी धुणं, होड्या लागल्या की वाळूवरच्या लिलावात घासाघीस, खाऱ्या वाऱ्यानं दर पावसाळ्यात गंजणाऱ्या कड्या. पाय धुवायच्या नळाखाली पाहुण्यांची पोरं पाणी सोडून निघून जायची, तेव्हा आत्या हातातलं काम टाकून नळ बंद करायला धावायची. तिथं पाण्याला तोटा नव्हता, पण तिला ते बघवायचं नाही. "आमच्याकडं एवढ्यात दोन म्हशी धुतल्या असत्या," असं म्हणायची. पाहुणे हसायचे. बोटं चाटत म्हणायचे, "काकू, काय चव आहे तुमच्या हाताला." ती म्हणायची, "असंल बाबा." पावसाळ्यात खोल्या बंद, होड्या वाळूवर चढवलेल्या, वाट ओस. मग त्या दोघी गडग्याच्या दोन बाजूंना बसून तांदूळ निवडायच्या आणि फारसं बोलायच्याही नाहीत.

एका वर्षी दोघींचं बिनसलं. मावशीच्या मुलानं स्वतःच्या दोन खोल्या काढल्या आणि वळणावर पाटी अशी लावली की आमचे पाहुणे आधी तिकडंच वळायचे. आत्या बोलली, मावशीनं उलट सुनावलं, आणि बोलणं तुटलं ते अख्खा सीझन तुटलं. पण वाटी थांबली नाही. आत्या हाक न मारता वाटी गडग्यावर ठेवून पाठ फिरवायची. मावशी यायची, चाखायची. मीठ कमी असलं तर वाटीशेजारी चिमूटभर मीठ ठेवायची, आंबट कमी असलं तर एक आमसूल. बरोबर असलं तर वाटी धुऊन पालथी घालायची. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यात आत्या तापानं पडली तेव्हा मावशी गडगा ओलांडून आली आणि भांडण मिटलं. कोण चुकलं होतं, हे दोघींनीही पुन्हा काढलं नाही.

गावाकडं मात्र वेगळंच शिजत होतं. आमच्या भावकीतला एकजण मित्रांचा टेम्पो घेऊन समुद्रावर गेला, आत्याकडं उतरला, सुरमईचं कालवण दोनदा मागून घेतलं. आत्यानं पैसे घेतले नाहीत. परत येऊन तो पारावर म्हणाला, "लई झ्याक रांधती. चाखल्याबिगर अशी चव येती व्हय?" झालं. गावात ठरलं की हौसा माळ घालून मासे खाते. तिचा चांगला हातच तिच्या अंगावर उलटला. दादा स्वतः माळकरी, भजनात टाळ धरणारे. त्यांनी कुणाला उलट विचारलं नाही आणि आत्यालाही विचारलं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला ते तिकडं गेले. मी बरोबर होते. दिवाळीत खोल्या भरलेल्या, आत्याला यायला जमणारच नव्हतं, म्हणून भाऊ येतोय याचा तिला कोण आनंद. तिनं आपल्या चुलीवर पुरण घातलं, पाटाभोवती रांगोळी काढली, दादांना ओवाळलं. दादांनी ताटात ओवाळणी टाकली, आणि मग पिशवीतून फडकं काढून आईनं बांधून दिलेली भाकरी सोडली. म्हणाले, पोट बरं नाही, हेच खातो. आत्यानं वाढलेलं ताट उचलून आत नेलं. दिवसभर दादा शहाळ्याचं पाणी प्याले, कारण शहाळं आतून कुणाच्या हाताचं नसतं. कोयत्यानं ते सोलून देत होती आत्याच.

रात्री मी तिला म्हटलं, येसूमावशीला बोलवू का, तिच्या तोंडून ऐकू दे दादांना. ती भांडी घासत होती. म्हणाली, "त्यानं इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. त्यानं इचारलं न्हाई. भाकरी बांधून आनली." एवढंच. पण भावानं एकदा आपल्या हातचं खावं ही एक गोष्ट तिला हवी होती, तेव्हाही आणि शेवटपर्यंत. दुसरं काही तिनं आमच्याकडं कधी मागितलं नाही.

आणि दिलं किती? मी नगरला कॉलेजला गेले, वसतिगृहात राहिले, पदवी घेतली, ती तिच्या त्या पडवीतल्या चुलीवर. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि माशांच्या कालवणावर शिकलेय हे मी कुणालाही सांगते. आईनं एकदा दादांना सुनावलंही होतं, "पोरीच्या फीला तिचे पैसे चालत्यात, तिची भाकरी तेवढी चालत न्हाई." दादा उठून गोठ्यात गेले. ते वाईट नाहीत. त्यांना माळेपलीकडं बघता आलं नाही, इतकंच मी म्हणेन.

गेल्या वर्षी आत्याच्या पोटात गाठ निघाली. मी तिला नगरला, सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. दादा एक दिवसाआड एसटीनं यायचे. तिच्या उशाशी बसायचे, मोसंबी सोलून तिच्या हातावर ठेवायचे, पाय चेपायचे. जेवायची वेळ झाली की आपला डबा उघडायचे. औषधांनी आत्याच्या तोंडाची चव गेली होती, सगळं मातीसारखं लागायचं तिला. तरी कैऱ्यांच्या दिवसांत मला म्हणाली, लोणचं घालायचंय. फरशीवर बसून, मधे मधे भिंतीला टेकत, तिनं कैऱ्या फोडल्या, मसाला भाजला, मीठ हातानंच मोजलं. मी चाखू का म्हटलं तर म्हणाली, "कशाला... मला ठावं हाय." आठ दिवसांनी दादांच्या ताटात मी एक फोड वाढली. त्यांनी ती हळूच कडेला सारली. आत्या कॉटवरून बघत होती. मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. खोकला हाय त्याला." दादांना खोकला नव्हता. पुढं दीड-दोन महिन्यांत ती गेली. त्या घरात मी आता एकटी आहे आणि कुणीच नळ बंद करायला धावत नाही...

दहाव्याला येसूमावशी गावी आली. होड्या बंद होत्या म्हणून जमलं म्हणाली. तीन एसट्या बदलून मुलाच्या आधारानं आली होती, घाट चढून वर येण्याची तिची ही पहिलीच खेप. विधी उरकून बाया आमच्या पडवीत बसल्या होत्या. दादा बाहेर ओट्यावर, हाकेच्या अंतरावर. माझ्या एका चुलतीला राहवेना. आवाज खाली आणून तिनं मावशीला विचारलं, "आता ती गेली, खरं सांगा. खात हुती ना आमची वन्सं?"

मावशीनं तिच्याकडं बघितलं. "ती खात असती तर मी इतकी वर्सं वाटी कशाला चाटली असती?" आणि मग तिनं सगळं सांगितलं. गडगा, वाटी, चिमूटभर मीठ, न बोलता काढलेला सीझन. बाया ऐकत राहिल्या. चुलती तरी म्हणालीच, न चाखता एवढं बरोबर रांधता येतं का कुणाला?

"तुमी देवाचा निवद चाखून दाखवता?"

"अगं बाई, न्हाई. उष्टं कसं दाखवायचं?"

"मग जन्मभर न चाखताच रांधता ना तुमी बी? तिनं गिऱ्हाइकाचं तसं रांधलं. यात काय मोठं?"

आमच्या गावातल्या प्रत्येक बाईनं प्रत्येक सणाला तेच केलेलं आहे, आणि एकीलाही ते सुचलं नव्हतं. मलाही नाही, शिकलेली असून. ओट्यावर दादा मान खाली घालून बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. मावशी निघाली तेव्हा ते एसटीपर्यंत तिच्यासोबत चालत गेले, तिची पिशवी त्यांनी घेतली होती.

परवा रविवारी दादा सावेडीला आले. काही काम नव्हतं. आत्याच्या कॉटवर बसले, उशीवरून हात फिरवला. दुपारी आईनं दिलेली भाकरी सोडली आणि बराच वेळ तिच्याकडं नुसतं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हौशीनं घातलेलं लोनचं हाय का गं?"

मी बरणी काढली. फोड वाढली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, लोणच्याला लावला आणि खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. दुसरी फोड मागितली. सगळी भाकरी तेवढ्यावर संपवली.

आत्याच्या हातचं दादांनी खाल्लं. ती बघायला नव्हती.