मोरीचा उतार

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — पण मान खाली घालून नाही, एवढं आधीच बजावते.

इथे परदेशात, बुकित पंजांग भागात, आम्ही एक जुना फ्लॅट घेतला. नीटनेटका करायचा, विकायच्या आधी नियमाने जेवढी वर्षं स्वतः राहावं लागतं तेवढी राहायचं, मग चांगल्या भावाने विकायचा. इथे बाथरूमची फरशी फोडायची तर लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टरच लागतो. मी पुण्याची सिव्हिल इंजिनीअर. वडील गवंडीकाम करायचे. फरशी बसवायला त्यांच्या हाताखाली शिकले. आणि मी परक्या माणसाकडून उतार काढून घ्यायचा? का म्हणून?

सासूबाई राहायला येणार होत्या. त्यांना शॉवर चालत नाही. पाट, बादली, तांब्या लागतो. म्हणून मी कोपऱ्यात मोरी केली — नवरा ऑफिसला गेला की छिन्नी-हातोडा घेऊन. शेजारी विचारायचे, तर कपाट ठोकतेय म्हणून सांगायचे. मोरी अशी झाली की बघत राहावं. थेंब साचत नव्हता. तसा उतार एकाही लायसन्सवाल्याला जमला नसता, हे आजही छातीठोकपणे सांगते.

फक्त — उतारासाठी आणखी खोल खणायच्या नादात खालचा पाणी अडवणारा थर फुटला. मला तेव्हाच कळलं. छिन्नीचा आवाज बदलतो. मी वरून सिमेंट ओढलं आणि फरशी बसवून टाकली.

खालच्या मजल्यावर लिम आंटी एकट्या राहायच्या. खांदा दुखायचा, म्हणून कपडे खिडकीबाहेरच्या बांबूवर न घालता बाथरूममध्येच वाळवायच्या. सासूबाई आल्यावर आंटींच्या छतावर डाग उमटला, मग पाणी टपकायला लागलं. तक्रार करायची सोडून त्या माझ्याकडेच आल्या. “यू इंजिनीअर, राइट? यू कम सी फॉर मी, कॅन?”

गेले. डाग बरोबर माझ्या मोरीखाली होता. कबूल केलं असतं तर दंड, फोडाफोड, विक्री लांबणीवर — हो, ते सगळं होतंच. पण खरं सांगू? कुणीतरी लायसन्सवाला येऊन माझ्या कामाकडे बघून हसला असता, ते मला सहन झालं नसतं. मी आंटींना म्हटलं, ओल्या कपड्यांची वाफ छताला धरते. कपडे बाहेर वाळवा.

त्यांनी लगेच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ओल्या कपड्यांनी जड झालेला बांबू त्या दुखऱ्या खांद्याने बाहेर रेटायला लागल्या. मी वरून बघायचे. पुढे सासूबाई परत गेल्या, मोरी कोरडी पडली, गळती थांबली. आंटींना वाटलं, कपडे बाहेर घातल्याचाच गुण. आम्ही फ्लॅट विकून निघालो तेव्हा त्यांनी मला त्यांच्या रीतीप्रमाणे शुभ म्हणून संत्र्यांची जोडी आणून दिली, दोन्ही हातांनी. मी ती घेतली — नव्या घरी जाऊन खाल्लीही.

नियम मूर्खपणाचा आहे, असं मी अजूनही म्हणते. माझ्या हातांवर माझा अजूनही भरवसा आहे. फ्लॅट घेणाऱ्या बाईंनी मोरी बघितली आणि तिथेच घर पसंत केलं. म्हणजे आता तिथे रोज बादल्या ओतल्या जात असणार, आणि आंटींचं छत पुन्हा गळत असणार. बाथरूममध्ये तर एकही कपडा नसेल. खांदा चोळत त्या विचार करत असतील, आता आपलं काय चुकलं.