कोंबडीला भिणारा राखणदार

कुत्र्याच्या पिल्लाची कोंबडीशी ओळख करून द्यायची, हे मी एकट्यानंच ठरवलं. कोंबडीला विचारलं नव्हतं.

मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं की, पिल्लाला लहानपणीच सगळ्यांची सवय लावावी, म्हणजे मोठेपणी ते कुणाला भीत नाही आणि उगाच कुणाच्या अंगावर जातही नाही. मला पटलं. मग एका हातात पिल्लू धरलं आणि दुसऱ्या हातानं अंगणातलं डालगं उचललं. खाली नुकतीच पिलं काढलेली तांबडी कोंबडी बसली होती. डालगं वर गेलं आणि ती थेट माझ्या तोंडावर आली. चष्मा एकीकडं, मी एकीकडं. चष्मा सापडेपर्यंत आमचा गडी, म्हणजे ते पिल्लू, घरात ज्वारीच्या पोत्यांमागं पोचला होता.

बायको चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "लेकरांची आई हाय ती. माझ्या लेकरांवरचं पांघरूण कुणी असं उचललं असतं, तर म्या बी तेच केलं असतं."

लेकरं आता पुण्याला शिकायला. घरात आम्ही दोघंच. म्हणून ईट गावाहून, मेव्हण्याच्या शेतावरून, हे पिल्लू मी आणलं. आणताना कारण सांगितलं राखणीचं. बायको म्हणाली होती, "राखण करणार असंल तर ठेवा. नुसतंच सांभाळायला मला एक हाय." खरं कारण असं, की मेव्हण्याच्या शेतात ते पहिल्याच भेटीत माझ्या चपलेवर डोकं टेकून झोपलं होतं. पण पन्नाशीच्या माणसानं हे बायकोला सांगायचं कसं?

त्या दिवसापासून बाहेर कोंबडी नुसती कॉक करायचा अवकाश, गडी पोत्यांमागं. दोन दिवस बायकोनं बघितलं आणि मग भावाला फोन लावला. "रविवारी सोनारीला दर्शनाला येणारच हाईस, तर येताना पिशवी घेऊन ये. कोंबडीला भिणारं कुत्रं ठिवून काय करू?"

म्हणजे माझ्या हाती रविवारपर्यंतचा वेळ होता.

मी पिल्लाला काखेत घेऊन गावातून फिरायला लागलो. मनात हिशेब असा, की सगळ्या गावाची भीती गेली तर कोंबडीचीही जाईल. हॉटेलावरची मंडळी म्हणाली, "का हो, इलेक्शनला उभं करताय का त्याला? घरोघर हिंडताय म्हणून इचारलं." गड्याला ट्रॅक्टरचं काही वाटेना, बैलाचं वाटेना, बँडवाल्यांच्या तालमीत तर तो ताशाशेजारी झोपला. कुणी खारी दिली, कुणी बिस्किट, कुणी भाकरीचा पापुद्रा. चारदोन दिवसांत गावातला एकही माणूस त्याला परका राहिला नाही. राखणदाराला आपण उलटाच धडा दिला, हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आलं. आणि घरी परत आलो की कॉक, आणि पोत्यांमागं.

रविवारी मेव्हणा सकाळीच आला, पिशवीसकट. म्हणाला, "दाजी, आधी सोनारीला जाऊन येऊ, मग नेतो ह्याला." मी पिल्लूही मोटारसायकलवर घेतलं. सोनारीच्या काळभैरवाचं वाहन कुत्रं. आता देवानंच आपल्या वाहनासाठी काही केलं तर करावं, एवढीच आशा उरली होती.

देवळाबाहेर एक म्हातारी नैवेद्य घेऊन उभी होती. पिल्लू तिच्या लुगड्याला झोंबायला लागलं तसा मी व्हिडिओतला हुकूम सोडला, "बस. खाली बस."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "देवाचं वाहन हाय, त्याला तू बस म्हणतुस व्हय? तू बस."

मी बसलो. खरंच बसलो. तिनं पिल्लाच्या कपाळाला गुलाल लावला, पुढ्यात पुरणपोळी ठेवली आणि हात जोडले. तेवढ्यात देवळातलं एक माकड आलं आणि अर्धी पोळी उचलून गेलं. मला वाटलं, आता तरी हा गुरगुरेल. गड्यानं माकडाकडं बघून शेपूट हलवलं.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "चोर आला तर हे त्याला बसाय पाट दील."

घरी आलो तेव्हा बायको ओट्यावर शेंगा निवडत होती. पिल्लाला अंगणात सोडलं. तोंडाला पुरण, छातीवरच्या केसांत पोळीचे कण. कोंबडीला ते लांबूनच दिसले. ती पिलांचा घोळका घेऊन निघाली, आणि माझ्या लक्षात यायच्या आत मी ओट्यावर चढलो होतो.

पिल्लाला चढता येईना. पोत्यांकडं जायची वाट कोंबडीनंच अडवलेली. ते होतं तिथंच बसलं, डोळे घट्ट मिटून, थरथरत. कोंबडीनं छातीवरचा एक कण टिपला. मग दुसरा. पिलं त्याच्या पायांत शिरली, एक तर त्याच्या पाठीवर चढून बसलं. गड्यानं एक डोळा उघडला, पाठीवर कोण आहे ते बघितलं आणि पुन्हा मिटला. अंगाची थरथर हळूहळू थांबली. पिलांना त्यानं नाकसुद्धा लावलं नाही.

बायकोचा शेंगा निवडणारा हात थांबला होता. मेव्हणा पिशवी उघडून उभा. "आक्का, टाकू का ह्यात?"

बायकोनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि निवडलेल्या शेंगा तिच्यात भरायला लागली. "ह्या घिऊन जा वहिनीला," ती म्हणाली. "कुत्रं ऱ्हाऊ दे. पिलांना तोंड न लावणारं लवकर गावत न्हाय. आन तुझ्या दाजींना बी भ्यायला कुणीतरी जोडीला लागतंय."